मंडळीची ओळ

माझं तोंड बंद करायला देवाला जीबीएस आणावा लागला, असं आमच्या लाइनवरच्या पोरी अजून म्हणतात. म्हणू देत. महाळुंग्याच्या एका कंपनीत आम्ही गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधतो आणि मी त्या लाइनची लीडर आहे. माझा आवाज मशीनच्या वर ऐकू जायचा. त्यामुळे पोरींचंही फारसं चुकत नाही.

आता मी काठी घेऊन चालते. कंपनीनं बसून करायचं काम दिलंय. बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत, पण चहाचा कप धरता येतो, माझ्या लेकीची वेणी घालता येते. वेणी वाकडी येते, ती शाळेत जाताना तोंड वाकडं करते, मला त्याचंही कौतुक वाटतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण फोन. घरी आल्यापासून लोकांचे फोन येतात. कुणाचा नवरा, कुणाची आई, मी पडले होते तशीच, आयसीयूत नळ्या लावून पडलेली असते. माणसं चाचरत विचारतात, "ताई, त्यांना कळतं का हो आपण बोललेलं? आम्ही काय बोलायचं?"

कळतं. सगळं कळतं. काय बोलायचं ते मात्र मला चर्चच्या एका पाळकानं आणि देव न मानणाऱ्या एका बाईनं शिकवलं. तेवढंच सांगते.

क्लिप बसेना

आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं. दोन दिवस जुलाब, मग थांबले. मी पाणीपुरीला शिव्या घातल्या आणि कामावर गेले.

त्या दिवशी कंपनीच्या बसमध्येच तळपायाला मुंग्या येत होत्या. चाकणच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली होती, म्हटलं बसून बसून पाय झोपले असतील. लाइनवर उभी राहिले तर क्लिप बसेना. वायर खोचायची, क्लिप दाबायची, टक् असा आवाज आला की पुढची घ्यायची, हे मी लग्नाआधीपासून करतेय. त्या दिवशी टक् होईचना. अंगठ्यात जोरच नाही. शेजारची पोरगी हसली, म्हणाली, "ताई, नाश्ता नाही झाला का आज?" मी तिच्यावर खेकसले.

संध्याकाळी काळेवाडीत बसमधून उतरताना पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेस्टची ट्यूब दाबता येईना, तेव्हा संदीप, म्हणजे माझा नवरा, मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं रबरी हातोडी गुडघ्यावर मारली. पाय गप्प. पुन्हा मारली. पाय आपला गप्पच. तिसऱ्यांदा मारली नाही, हातोडी खिशात ठेवली, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

"जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलंय," तो म्हणाला. "हे पायांकडून वर चढतं. मग थांबतं. मग हळूहळू उतरतं."

"कुठपर्यंत चढतं?" मी विचारलं.

त्यानं संदीपकडे बघितलं.

"डॉक्टर, आजारी मी आहे. माझ्याकडे बघून बोला."

मग तो माझ्याकडे बघून बोलला. श्वासापर्यंत जाऊ शकतं, म्हणाला. मशीन लावावं लागेल कदाचित. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो आणि आधी सांगता येत नाही कुणाला किती. मी म्हटलं, ठीक आहे, लावा काय लावायचं ते. ही माझी शेवटची ऑर्डर, पुढे कितीतरी दिवस मला कुणाला ऑर्डर सोडता आली नाही.

पेशंट

चढत चढत ते खरंच श्वासापर्यंत आलं. मशीन लागलं, नंतर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. हात नाही, पाय नाही, आवाज नाही. चेहराही ढिला पडला. पापण्या तेवढ्या हलत होत्या. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

आतून मी होते तशीच होते. तीच बडबडी, तीच तापट. सिस्टरनं उशी वाकडी ठेवली की मनात तिला झापायचे. संदीप येऊन हात धरायचा आणि म्हणायचा, "छान दिसतेयस." अरे मूर्खा, नाकात नळी, गळ्यात नळी, केसांचा चिकटून गोळा झालाय, छान काय दिसतेय. पण बाहेर काही जायचं नाही. तोही बिचारा काय बोलणार.

सकाळी वॉर्डातल्या मावशी यायच्या, अंग पुसायच्या, कुशीवर वळवायच्या, पाठीला पावडर लावायच्या. गळ्यातली नळी साफ करायचे तेव्हा जीव कासावीस व्हायचा. राउंडला डॉक्टर यायचे आणि माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलायचे. पेशंटचं बीपी बरंय, पेशंटला ताप नाही. फिजिओवाला मुलगा तेवढा नाव घेऊन बोलायचा, त्याचं भलं होवो.

मरणाची भीती वाटली. नाही वाटली म्हणणारे असतील, मी त्यातली नाही. पण काही दिवसांनी दुसरीच भीती बसली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मला वाटायला लागलं, मी जगेन, पण अशीच. लोक येतील, मला औषध देतील, पोटात नळीनं दूध सोडतील, प्रार्थना करतील, डोळे पुसत जातील. सगळे मला देतच राहतील. माझ्याकडून कुणाला काही लागणार नाही. माझ्या उत्तराची कुणी वाटच बघणार नाही. लाइनवर दिवसभर "ताई, हे बघा", "ताई, हे कसं करू" ऐकणारी बाई मी, आणि मला कुणी काही विचारेना. हळूहळू मीही मनातल्या मनात बोलणं कमी केलं. ते सगळ्यात भयानक होतं.

व्हरांड्यातलं भांडण

आमचं घर थोडं वेगळं आहे, ते सांगायला हवं. मी माहेरची ख्रिस्ती, नगरकडची. संदीप बौद्ध घरातला. ओळख कंपनीत झाली, लग्न कोर्टात झालं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे, स्वयंपाकघरात माझा क्रूस आहे. मी रविवारी संत तुकारामनगरच्या पुढं आमच्या चर्चला जाते, सासूबाई विहारात जातात. सासूबाई मूळच्या लातूरकडच्या. एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी आयुष्यभर चपात्या लाटल्या. माझ्यासारख्याच फटकळ आहेत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आमच्या दोन खोल्यांत राहतात.

मी आत पडले होते तेव्हा माझ्या माहेरच्या नात्यातली एक बाई प्रार्थनेचा गट घेऊन आली. आत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळे मोठमोठ्यानं आजाराला "निघ, निघ" म्हणत राहिले. शेजारच्या बेडवरचे आजोबा दचकून रडायला लागले. सिस्टरनं त्यांना बाहेर काढलं. मग व्हरांड्यात त्या बाईनं सासूबाईंना सांगितलं, "घरातली ती मूर्ती काढा आधी. तिच्यामुळं हे आलंय."

हे मला नंतर संदीपनं सांगितलं. सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "माझी सून बसमदून पडली का मूर्तीवर पडली? मूर्ती जाग्यावर ऱ्हाईल. तू नीघ." आणि संदीपला फर्मान सोडलं, की आजपासून एकही ख्रिस्ती मानूस आत जानार न्हाई. संदीप दोघींच्या मधे सापडला. त्याला वाटलं, बायको बरी होऊन उठली तर मला काय म्हणेल, आणि नाही उठली तर मी स्वतःला काय म्हणेन.

त्याच संध्याकाळी आमचे पाळकसाहेब आले. गायकवाड पाळक. बारीक अंगाचे, साठीकडे झुकलेले, आवाज मऊ. सासूबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, पहाऱ्यावर.

"जय भीम, आई," पाळकसाहेब म्हणाले. "दुपारी जे बोललं गेलं त्याबद्दल मी माफी मागतो. तुमच्या घरात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवणार."

"माफीनं काय व्हतंय? तुमीबी आत जाऊन तेच वरडनार."

"मी ओरडत नाही. तुम्ही माझ्यासोबत चला. नको वाटलं तर तिथंच थांबवा."

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग उठल्या. त्या आत आल्या त्या माझ्यासाठी नाही, त्यांच्यावर नजर ठेवायला.

तो का थांबतो

पाळकसाहेबांनी मला कसं वाटतंय विचारलं नाही. धीर धर म्हणाले नाहीत. दवाखान्याचा हिरवा गाउन घातला होता, त्याच्यावर त्यांनी पिशवीतून काढून गळ्यात तो पांढरा पट्टा घातला, रविवारी उपासनेला घालतात तोच. माझ्या पायाशी उभे राहिले, वेदीपुढं उभे राहतात तसे, आणि म्हणाले,

"प्रभू तुमच्याबरोबर असो."

आणि थांबले.

आमच्या उपासनेत असं असतं. पाळक एक ओळ म्हणतो, मंडळी तिला उत्तर देते. मंडळी म्हणजे बाकांवर बसलेले आम्ही सगळे. "प्रभू तुमच्याबरोबर असो," असं पाळक म्हणाला की मंडळीनं म्हणायचं, "आणि तुमच्याही बरोबर असो." मी लहानपणापासून म्हणत आलेय, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्यांच्या पुढं पळत म्हणत आलेय. पाळकसाहेब कितीदा थट्टेनं म्हणाले होते, "एस्तेरबाई, मंडळीला सोबत घेऊन चला जरा."

आता ते थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते. मला कळलं, ही माझी ओळ आहे.

मी मनात म्हटलं. घाईनं म्हटलं, सवयीप्रमाणे. संपलं तरी ते थांबलेलेच. मग लक्षात आलं, ते अख्ख्या मंडळीच्या चालीनं थांबलेत, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही वेळ मिळावा तसे. मी पुन्हा म्हटलं, सावकाश. आणि तुमच्याही बरोबर असो. तेव्हा ते पुढे सरकले.

"प्रभू, आमच्यावर करुणा कर."

पुन्हा थांबले.

सासूबाईंना राहवेना. त्या वाकून त्यांच्या कानात म्हणाल्या, पण त्यांचं कानात म्हणजे चार बेडांना ऐकू जातं, "इसरलात काय फुडलं? कामून थांबायलात?"

त्यांना खरंच वाटलं होतं की बिचारा माणूस विसरतोय. रागावर दया आली होती.

पाळकसाहेब हसले. "विसरलो नाही, आई. आता तिची पाळी आहे. ही मंडळीची ओळ."

"तिला तर बोलता येत न्हाई."

"हो. म्हणून थांबतो."

"अन् ती म्हनली का न्हाई, तुमाला कसं कळायलंय?"

"नाही कळत," ते म्हणाले. "पण माझ्या ओळीत मी तिला आशीर्वाद देतो. तिच्या ओळीत ती मला देते. तो न घेता पुढं कसा जाऊ?"

 माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं, ते पुसताही येईना. सिस्टरला वाटलं दुखतंय, ती धावत आली. दोनदा पापणी मिटून तिला नाही सांगितलं.

मला हे अजून नीट सांगता येत नाही. दिवसभर सगळे मला देत होते. हा एकटा माणूस माझ्याकडे मागायला आला होता. ज्या बाईला स्वतःचा श्वास घेता येत नव्हता तिच्याकडून तो आशीर्वाद घेत होता, आणि तो मिळाल्याशिवाय पुढं जायला तयार नव्हता. देव कसा असतो मला माहीत नाही, पण त्या थांबण्यात तो होता, असं मी शपथेवर सांगीन.

त्यानंतर ते रोज भेटीच्या वेळेला येत राहिले. सासूबाई रोज सोबत. पहाऱ्याचं कारण संपलं तरी पहारा संपला नाही. एक दिवस निघताना त्या त्यांना म्हणाल्या, "करुणा तर आमच्यातबी हाय. विहारात म्हनतो आमी."

"मग आपलं बरंच जमतंय," पाळकसाहेब म्हणाले.

"बरंच न्हाई. थोडं," सासूबाई म्हणाल्या.

मोबाइल

मग पाळकसाहेबांना ताप आला. तापाच्या माणसाला आयसीयूत येता येत नाही. ते आले नाहीत त्या दिवशी वेळ संपेपर्यंत माझे डोळे दारावर होते. संध्याकाळची ती एक वेळ मी दिवसभर राखून ठेवायचे.

संदीप साधा माणूस, पण हुशार. त्यानं मोबाइलवर कुठल्याशा चर्चची मराठी उपासना शोधली आणि माझ्या कानाशी लावली. पेटी होती, तबला होता, शेदोनशे माणसांचा आवाज होता. पाळक एक ओळ म्हणायचा आणि ती सगळी माणसं लगेच, झोकात उत्तर द्यायची.

मी दोनदा पापणी मिटली. नाही.

त्याला वाटलं ऐकू येत नाही. त्यानं आवाज वाढवला. मी पुन्हा दोनदा मिटली. त्यानं अजून वाढवला. शेजारचे आजोबा पुन्हा रडायच्या बेतात आले. मी पापण्या आपटतेय आणि हा बापडा बटण दाबतोय.

"बंद कर ते," सासूबाई म्हणाल्या. "तिची जागाच न्हाई त्यात."

अख्ख्या आजारपणात माझ्या मनातलं इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी एकदाच, लांब पापणी मिटली. हो.

संदीपनं मोबाइल बंद करून खिशात टाकला. सासूबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि माझ्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या.  त्यांच्या मनात काय चाललं असेल याची मला पूर्ण कल्पना होती. आमच्या घरात देवाचं नाव त्या कधी घेत नाहीत. दिवाळीत शेजारीण "देव तुमचं भलं करो" म्हणाली तरी तिला ऐकवतात. नवरा गेला तेव्हासुद्धा त्यांनी कुठल्या देवाला हाक मारली नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. असावाच.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या. "तुझा देव मला ठावं न्हाई. मी मानत न्हाई, अन् तुझ्यासाठी खोटंबी बोलनार न्हाई. पर जेवढं खरं हाय तेवढं म्हनते."

मग हात जोडले नाहीत, नुसते पुढं धरले, आणि म्हणाल्या,

"तुझा प्रभू तुझ्यासंगं असो."

तुझा. एवढा एकच शब्द त्यांनी आपल्या मनानं घातला होता. त्या एका शब्दामुळे त्या त्यांच्या जागी राहिल्या आणि तरी माझ्यापाशी आल्या. आणि मग त्या थांबल्या, ओठ मिटून, अगदी पाळकसाहेबांइतक्या.

नंतर मी त्यांना विचारलं, किती थांबायचं ते कसं कळायचं. म्हणाल्या, "मनात तव्यावर एक चपाती टाकायची. ती फुगून उतरेस्तवर थांबायचं."

श्वास

चढलेलं एकदाचं उतरायला लागलं. आधी खांद्याला जाग आली, मग कपाळाला. डॉक्टर म्हणाले, आता मशीनची सवय मोडायची. दुपारी थोडा वेळ मशीन काढू, तुम्ही स्वतः श्वास घ्या.

ऐकायला किती सोपं. मशीन काढलं आणि मी घाबरून गेले. आपण श्वास घेतो ते आपल्याला कधी माहीतच नसतं, आणि आता प्रत्येक श्वास विटा उचलल्यासारखा उचलायचा. छाती धडधडायला लागली, मॉनिटर वाजायला लागला, मशीन लगेच परत लावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. डॉक्टर हलक्या आवाजात संदीपला म्हणाले, घाई करून चालणार नाही, काही पेशंटना हे फार जड जातं. मी ऐकलं. मला वाटलं, इथंच अडकणार मी. पोरीनं मला मशीनला जोडलेलीच बघायची.

तिसऱ्या खेपेला फिजिओवाल्या मुलानं विचारलं, "ताई, घरचं कुणी जवळ हवंय का?" मी हो म्हटलं. त्यानं एकेक नाव घेतलं. संदीप? दोनदा पापणी. सासूबाई? एकदा.

सासूबाईंना दुपारचं आत सोडलं. मशीन काढलं. मी पुन्हा बुडायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मॉनिटरच्या आकड्यांकडे बघितलंच नाही.

"तुझा प्रभू तुझ्यासंगं असो," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

आता माझी ओळ होती. ओळ म्हणायची तर आधी हवा आत घ्यावी लागते. मी घेतली. आणि तुमच्याही बरोबर असो, मनात म्हणत सोडली.

"आमच्यावर करुणा असो."

घेतली. सोडली.

अख्खी उपासना त्यांना येत नव्हती. येत होत्या तेवढ्या ओळी त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कुठं माझ्यातलं, कुठं विहारातलं मिसळलं. सगळे सुखी होवोत, असंही एकदा आलं. मी त्यालाही उत्तर दिलं. मला काही फरक पडत नव्हता, फक्त जागा सुटत होती आणि त्या जागेत मी श्वास घेत होते. केव्हातरी डॉक्टर येऊन मागे उभे राहिले होते, ते मला कळलंही नाही.

जगात हवा सगळीकडे आहे, फुकट आहे, हे मी शाळेत शिकले होते. ती कुणीतरी माझ्यासाठी थांबल्यामुळे मला मिळेल, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

त्या आठवड्यात पाळकसाहेब बरे होऊन आले. सासूबाई बाजूला सरकल्या. ते म्हणाले, "नाही आई, तुम्हीच चालू द्या. मी आज मंडळीत." आणि ते माझ्या उशाशी येऊन माझ्या बाजूनं उभे राहिले. सासूबाईंनी ओळ म्हटली. पाळकसाहेबांचे ओठ हलले, पण आवाज त्यांनीही काढला नाही. माझी जागा त्यांनी भरली नाही.

ज्यांचं माणूस आत आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बोला, जरूर बोला. पण बोलून झालं की थांबा. तुमचा धर्म कुठलाही असू दे, नसला तरी असू दे. त्याला काहीतरी विचारा आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ गप्प उभे राहा. आत कुणीतरी उत्तर देत असतं.

आवाज

शेवटी एक दिवस गळ्याच्या नळीवर छोटीशी टोपी बसवली. आता हवा गळ्यातून वर जाईल, आवाज येईल, डॉक्टर म्हणाले. सगळे जमले. दोन सिस्टर, मावशी, फिजिओवाला. संदीप मोबाइल धरून उभा, पोरीला दाखवायला.

"बोला काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "नाव सांगा."

मी मान हलवली. तेवढी आता हलत होती. नाही.

"माझं नाव घे की," संदीप म्हणाला. लग्नात उखाणा घेतला नव्हता, तो त्याला आता हवा होता.

मी मान हलवली. डॉक्टरांना काळजी वाटली. घाबरू नका, त्रास होणार नाही, म्हणाले. मला त्रास होत नव्हता. मी राखून ठेवला होता. पुढं कितीही बोलले तरी पहिला आवाज एकदाच येतो.

भेटीची वेळ झाली. सासूबाई आल्या. टोपीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, गाउनच्या नाड्या नेहमीसारख्या चुकीच्या बांधल्या. पायाशी उभ्या राहिल्या.

"तुझा प्रभू तुझ्यासंगं असो," त्या म्हणाल्या, आणि सवयीनं माझ्या पायावरची चादर नीट करायला लागल्या, चपाती फुगेपर्यंत.

मी हवा घेतली.

"आणि," मी म्हणाले. तो आवाज माझा नव्हता, गंजलेल्या कडीसारखा घोगरा होता. चादरीवरचे हात थांबले. "तुमच्याही. संगं. असो."

चर्चमध्ये मी "बरोबर" म्हणते. इथं "संगं" आलं, आपोआप.

सासूबाईंनी मान वर केली नाही. हळूच खाली बसल्या, ज्या स्टुलावर नातेवाइकांना बसू देत नाहीत त्यावर, आणि माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं. आता थांबायची पाळी माझी होती. मी थांबले. एक चपाती झाली, दोन झाल्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मलाबी लागतंयच की कुनीतरी."